गिरणाकाठी वाळवंट आधी कोणाच्या दारी?

कळवण तालुक्यात वाळवंट येऊ घातले आहे, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. जेथे चणकापूरचे धरण आहे, पुनंदचे धरण आहे, उन्हाळ कांद्याच्या गाड्या रांगेने बाजार समितीत उभ्या राहतात, पावसाळ्यात सप्तशृंगीच्या डोंगरावरून धबधबे कोसळतात, तेथे कसले आले वाळवंट? वाळवंट म्हणजे राजस्थान, उंट आणि वाळूच्या टेकड्या, असे शाळेच्या पुस्तकातले चित्र आपल्या मनात घट्ट बसलेले आहे.

पण वाचकहो, ज्या संकटाविषयी आम्ही आज लिहीत आहोत त्यात वाळू नाही, उंटही नाही. त्यात फक्त जमिनीचा कस जातो. माती वाहून जाते, गवत जाते, विहिरीचे पाणी दरवर्षी थोडे लवकर तळाला जाते. मग एके वर्षी घरातला थोरला मुलगा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातो आणि पुढच्या वर्षी सारे घरच जाते. याला शास्त्रज्ञ वाळवंटीकरण म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १७ जून १९९४ रोजी पॅरिस येथे यासंबंधी जागतिक करार झाला आणि भारताने त्याला १९९६ मध्ये मान्यता दिली. त्या करारात वाळवंटीकरणाची जी व्याख्या आहे ती साधी आहे: कोरड्या, निमकोरड्या आणि कमी ओलाव्याच्या प्रदेशात हवामानातील बदलांमुळे व माणसाच्या करणीमुळे जमिनीची होणारी अवनती. म्हणजे निसर्ग आणि माणूस दोघेही जबाबदार. निसर्गापुढे आपला इलाज चालत नसेल, पण माणसाच्या करणीचा हिशेब मागता येतो.

हा हिशेब गिरणा खोऱ्याच्या बाबतीत कसा मांडायचा आणि त्यात आपल्या कष्टकरी कुटुंबांची नोंद कोठे होते, हा या लेखाचा विषय आहे. आपले अनेक वाचक आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आहेत, कोणी मालेगावात आहेत, कोणी मुंबईत. पण गावाकडे भावाच्या नावावर दोन-तीन एकर माळरान आहे, म्हातारी आई तेथे आहे. त्यांनी हे अवश्य वाचावे.

एक नदी, दोन पाऊस

गिरणा नदी सह्याद्रीच्या केम डोंगराच्या परिसरात, दळवटच्या बाजूला उगम पावते. कळवण, देवळा, सटाणा, मालेगाव असा प्रवास करीत ती पुढे नांदगाव तालुक्यात गिरणा धरणात अडते आणि शेवटी जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. वाटेत तिला पुनंद, आरम, मोसम, पांझण अशा नद्या येऊन मिळतात. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या पहिल्या अक्षरांवरून या भागाला लोक कसमादे म्हणतात.

या खोऱ्याचे खरे वैशिष्ट्य पावसात आहे. पश्चिमेला सुरगाण्याच्या सीमेवर वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ढग पूर्वेकडे सरकतात तसे रिते होत जातात. मालेगावाच्या बाजूला पोचेपर्यंत वर्षाचा पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला बाजरीचे कोरडवाहू रान, हा फरक एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात दिसतो.

पाऊस किती पडतो यापेक्षा ऊन किती पाणी ओढून घेते, हे अधिक महत्त्वाचे. खोऱ्याच्या पूर्व भागात ऊन आणि वारा मिळून वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाणी उडवून नेऊ शकतात. म्हणजे आकाशाचे देणे एक आणि मागणे तीन. ज्या घरात मिळकतीच्या तिप्पट खर्च आहे ते घर जसे सदैव उसनवारीच्या काठावर असते, तसा हा प्रदेश सदैव दुष्काळाच्या काठावर असतो. पहिला तोल गेला की सावरायला वर्षे लागतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात मालेगाव होता.

दुसरी अडचण खडकाची. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. गुजरातकडच्या गाळाच्या मैदानासारखे पाणी साठवणारे खोल थर येथे नाहीत. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम, तिच्याखाली फुटलेला खडक आणि मग अखंड दगड. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या फटींत. वरची माती गेली की पाणी मुरायला थांबतच नाही. ते उतारावरून पळते आणि जाताना आणखी माती घेऊन जाते.

ही माती किती मोलाची आहे? बांधकामावर काम करणाऱ्या आपल्या बांधवांना ब्रास कळतो, म्हणून त्याच मापात सांगतो. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती वाहून गेली तर ती सुमारे दीड ब्रास भरते. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढी. गेली तरी डोळ्यांना दिसत नाही. निसर्गाला एक सेंटिमीटर माती घडवायला शेकडो वर्षे लागतात आणि आपल्या उघड्या माळावरून ती काही पावसाळ्यांतच निघून जाऊ शकते.

आकाशातून घेतलेला हिशेब

जमीन किती बिघडली याची पाहणी आपल्या देशात उपग्रहांच्या साहाय्याने होते. अहमदाबाद येथील इस्रोच्या अंतरिक्ष उपयोग केंद्राने इतर संस्थांच्या मदतीने देशाचा वाळवंटीकरणाचा नकाशासंग्रह तयार केला आहे. त्याची एक आवृत्ती २०१६ मध्ये आणि पुढची २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील आकडे सांगतात की २०११-१३ मध्ये देशाच्या भूभागापैकी २९.३२ टक्के जमीन अवनत झालेली होती. २०१८-१९ मध्ये हे प्रमाण २९.७७ टक्के, म्हणजे सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर झाले. महाराष्ट्राचा आकडा तर अधिक बोलका आहे. २०११-१३ च्या पाहणीत आपल्या राज्याची ४४.९३ टक्के जमीन या यादीत होती. शंभर एकरांतले पंचेचाळीस एकर! देशात या बिघाडाचे पहिले कारण पाण्याने होणारी धूप आणि दुसरे कारण झाडोरा-गवताचा नाश असे नोंदलेले आहे. वाऱ्याने उडणारी वाळू तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून आम्ही म्हणतो की वाळूचे चित्र डोळ्यांसमोरून काढून टाका.

ही पाहणी मोलाची आहे, तिच्यामागे मोठे कष्ट आहेत. परंतु नकाशाला मर्यादा असते. देशाचा हा नकाशासंग्रह एकास पाच लाख या प्रमाणावर आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच किलोमीटर. या मापात एखाद्या कुटुंबाचे चार एकर शेत पाव मिलिमीटरचे होते. पेन्सिलीचा ठिपकाही त्याहून मोठा पडतो. जिल्ह्यांसाठी केलेले नकाशे दहापट बारकाईचे आहेत, तरी त्यातही चार एकर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढेच. शिवाय उपग्रहाला रंग दिसतो. सातबारा दिसत नाही. हिरवा ठिपका दिसला तर तो बागाईतदाराच्या बोअरवेलवरचा आहे की लहान शेतकऱ्याच्या आडावरचा, हे त्याला सांगता येत नाही. बोअरवेलचा हिरवा रंग खोऱ्याच्या आरोग्याची खूण मानली तर फसगत होईल, कारण तो हिरवेपणा शेजारच्या आडाचे पाणी ओढूनही आलेला असू शकतो.

चार कसोट्या

जमिनीचा धोका मोजण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात युरोपातील संशोधकांनी भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या प्रदेशांसाठी बसवली. ग्रीसमधील लेस्बॉस बेट, इटलीतील आग्री नदीचे खोरे आणि पोर्तुगालमधील अलेंतेजो येथे ती आधी वापरून पाहिली गेली. पुढे जगभरातील अनेक कोरड्या खोऱ्यांत ती आपापल्या गरजेप्रमाणे फेरफार करून वापरली गेली. ती समजायला अवघड नाही. चार कसोट्या लावायच्या: हवामान, माती, झाडोरा आणि माणसाचा कारभार. प्रत्येक कसोटीला १ ते २ या दरम्यान गुण द्यायचे. १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे अगदी वाईट. चारही गुणांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढायचे, म्हणजे वर्गमूळ काढून पुन्हा त्याचे वर्गमूळ. उत्तर १.३८ च्या आसपास किंवा वर गेले तर ती जमीन संकटग्रस्त, त्याखाली नाजूक, १.१७ च्या खाली असेल तर निर्धास्त.

नववी-दहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे गणित वहीत करून पाहावे. मासल्यासाठी आकडे घेऊ. ते कोणत्याही एका गावाचे नाहीत. समजा, हवामान १.५, माती १.६, झाडोरा १.४ आणि कारभार १.८. उत्तर येते १.५७, म्हणजे जमीन संकटात. आता हवामान आपण बदलू शकत नाही. माती एका पिढीत तयार होत नाही. ते दोन आकडे तसेच ठेवा. पण गावाने माळ राखला म्हणून झाडोरा १.२ झाला आणि बांधबंदिस्ती, पाण्याचे वाटप, चराई यांचा कारभार नीट लावला म्हणून तो १ झाला, असे धरा. उत्तर १.३० येते. पाऊस तोच, खडक तोच, आणि जमीन संकटाच्या रेघेखाली आली.

आम्हाला या गणितातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कोरडे हवामान हा शाप मानून बसण्याचे कारण नाही. चारपैकी दोन आकडे गावाच्या हातात आहेत. प्रश्न एवढाच की गावाचा कारभार कोणाच्या हातात आहे?

आधी कोणाचे जाते?

जमीन बिघडते तेव्हा सगळ्यांची एकदम बिघडत नाही. त्याला एक क्रम आहे आणि तो क्रम नीट पाहिला पाहिजे.

पहिल्यांदा गायरान जाते. पवन्या, मारवेल अशी दुभत्या जनावराच्या पोटाला लागणारी गवते नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी कुसळ येते. पुढे कुसळही विरळ होते आणि घाणेरीची झुडपे पसरतात. ज्याच्या शेतात मका आणि ऊस आहे त्याच्या गोठ्याला याची झळ लागत नाही. ज्याच्याकडे जमीनच नाही, दोन शेळ्या आणि एक गाय एवढेच धन आहे, त्याचे दूध आणि बाजारच्या दिवशी हाती येणारा पैसा थांबतो.

दुसऱ्यांदा उताराची शेते जातात. ही शेते कोणाची आहेत? गिरणा आणि तिच्या उपनद्यांच्या काठची काळी, भारी जमीन पिढ्यान्पिढ्या ज्यांच्याकडे आहे ती त्यांच्याचकडे राहिली. कळवणच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधवांच्या वाट्याला डोंगरउतार आला. आपल्या लोकांच्या वाट्याला वतनाचे तुकडे, नाही तर पडीक आणि गायरान. कळवणला लागून असलेल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा मागणी पडीक जमिनीचीच होती, आणि तीसुद्धा तुरुंगात गेल्यावाचून मिळाली नाही. ज्या जमिनीला कोणी विचारत नव्हते ती हलकी, मुरमाड जमीन आपल्या लोकांनी घामाने पिकाखाली आणली. नकाशावर धोक्याचा रंग बहुधा याच उतारांवर अधिक गडद असतो.

तिसऱ्यांदा उथळ विहिरी आणि आड आटतात. आसपास खोल बोअर झाले की पाण्याची पातळी खाली जाते. पाचशे फूट बोअर घेण्याची ज्याची ऐपत आहे तो पाण्याच्या मागे खाली जातो. ज्याची नाही तो पाण्यावाचून वर राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तालुक्यांची वर्गवारी करते. वर्षाला जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ९० च्या वर गेला की गंभीर आणि १०० च्या वर गेला की अतिशोषित. पण तालुका सुरक्षित निघाला म्हणून आपल्या वस्तीचा आड सुरक्षित ठरत नाही. तेव्हा हंडा घेऊन लांब कोण जाते, हे आम्ही आमच्या भगिनींना सांगण्याची गरज नाही. वाळवंटीकरणाचा पहिला भार बाईच्या डोक्यावर येतो आणि दुसरा मुलीच्या शाळेवर.

चौथ्यांदा मजुरी जाते. कसमादेचे डाळिंब नावाजलेले होते. पुढे तेल्या रोगाने कितीतरी बागा उपटाव्या लागल्या. बाग गेली की मालकाला तोटा होतो, हे खरे. पण छाटणी, तोडणी, निवड यांवर जगणाऱ्या मजुराला तर तोटा मांडायला वहीच नसते.

हे चार टप्पे झाल्यावर पाचव्या टप्प्यात मोठ्या बागाईतदाराचे बोअर कोरडे पडते. तेव्हा मोर्चे निघतात, वर्तमानपत्रात बातम्या येतात आणि दुष्काळ आला असे म्हटले जाते. गरिबाच्या दारात तो आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की धोक्याचे मोजमाप तळापासून करा. गायरानातले गवत आणि वस्तीतला आड हीच खोऱ्याची खरी नाडी आहे.

धरणे, नदीजोड आणि वरच्या वस्त्या

चणकापूर हे ब्रिटिश काळातले धरण. त्याच्या आणि पुनंदच्या पाण्यावर कळवणची शेती आहे, तशीच खालच्या गावांची पिण्याची गरजही. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहराला चणकापूरच्या आवर्तनाचा आधार आहे आणि तेथे यंत्रमाग चालवणारा मजूरही आपल्यासारखाच हातावर पोट असणारा आहे. पुनंदचे पाणी सटाण्याला नेण्याच्या योजनेवरून कळवण आणि सटाण्यात वाद झाला, तो पुष्कळांना आठवत असेल. पाणी कमी पडले की गाव गावाशी भांडते. पण वरच्या डोंगरावर माती धरून ठेवली नाही तर ती गाळ होऊन धरणात बसते आणि वरच्या-खालच्या दोघांचेही पाणी कमी होते. भांडणारे दोघे एकाच मडक्यातून पितात आणि मडक्याच्या तळाशी माती साचत चालली आहे.

आता नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाची चर्चा आहे. पश्चिमेकडे समुद्राला जाणारे पाणी उचलून गिरणेच्या खोऱ्यात आणायची ही योजना असून राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये तिला मान्यता दिली. खर्च ७,०१५ कोटी रुपये. पाणी आले तर आनंदच आहे. तहानलेल्या खोऱ्याला पाणी नको असे कोण म्हणेल? पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कालव्याचे पाणी उतरणीला जाते, डोंगरावरच्या पाड्याला चढत नाही. आणि ज्या डोंगरातून पाणी उचलायचे तेथेही आदिवासी राहतात. उन्हाळ्यात त्यांच्याही झिऱ्याला पाणी नसते. त्यांना विचारल्यावाचून ठरलेली योजना न्यायाची होणार नाही.

नदीचा विचार तुकड्या-तुकड्याने न करता सबंध खोऱ्याचा करावा, ही दृष्टी या देशाच्या कारभारात आणण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा आहे, हे आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्यात येत. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या काळात झाली, नद्यांसाठी केंद्रीय आयोग १९४५ मध्ये उभा राहिला. पाणी ही संपत्ती आहे, ती अडवून साठवून तिचा उपयोग करावा, हा त्यांचा आग्रह होता. गिरणेच्या वरच्या उतारापासून तापीच्या संगमापर्यंत एक हिशेब मांडावा, हे आमचे म्हणणे त्याच वाटेने जाते.

वाटून घेण्याची रीत येथेच होती

पाणी वाटून घेणे या मातीला नवे नाही. मोसम आणि आरम या गिरणेच्या उपनद्यांवर, तसेच शेजारच्या पांझरेवर, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या रानाचे मोठमोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे फड भिजवायचे नाहीत, एक-दोनच भिजवायचे. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत वाटलेली असल्याने टंचाईची झळ आणि पाण्याचा लाभ दोन्ही वाटले जात. पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, पंप आणि विहिरी आल्या आणि ही रीत मोडकळीस आली.

फडाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ही समानता फडात जमीन असणाऱ्यांपुरती होती. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता. ती उणीव भरून काढण्याचा विचार विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीत केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. आणि उसासारख्या पाणीखाऊ पिकाला मनाई. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम केला, पडलेला पाऊस मोजून त्यावरून गावाने पिके ठरवायची पद्धत घातली. ही गावेही कमी पावसाचीच आहेत.

आपण काय करावे?

सरकारचे नकाशे येतील तेव्हा येतील. आपली वही आजच सुरू करता येते. शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतील.

एक: उभ्या भिंतींचा सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस पट्टीने मोजावा आणि लिहावा. एका एकरावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २० लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर! हे पाणी कोठे गेले, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

दोन: वस्तीच्या आडाचे पाणी दिवाळीनंतर आणि पुन्हा चैत्रात दोराला गाठ मारून मोजावे. दोन गाठींतले अंतर दरवर्षी वाढते आहे का, ते पाहावे.

तीन: पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी बाटलीत भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तळाशी किती बोटे माती बसली ते लिहावे. ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला तेही लिहावे.

चार: गायरानात कोणती गवते आहेत, कोणती दिसेनाशी झाली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून नोंदवावे. झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या असतील, शेतात गोटे वर येत असतील, तर तेथे माती जात आहे असे समजावे.

अशी तीन वर्षांची वही ग्रामसभेत ठेवली तर तिला कोणी सहज नाकारू शकणार नाही. कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठे आणि वाळूसारखी गौण खनिजे यांबाबत ग्रामसभेचे म्हणणे घ्यावे लागते. नदीतली वाळू गेली की नदीचे पाणी धरून ठेवण्याचे बळ जाते आणि काठच्या विहिरी उतरतात. म्हणून वाळूच्या प्रश्नावर ग्रामसभेत आदिवासी आणि बौद्ध मजूर एकत्र बोलले पाहिजेत. आमचे हित वेगळे आणि त्यांचे वेगळे, असे येथे मुळीच नाही. रोजगार हमीतून कोणती कामे घ्यायची हे ठरताना रस्ता-मुरमीकरणाआधी माथ्यावरचे सलग समतल चर, दगडी बांध आणि गायरानातील गवत-लागवड यांची मागणी करावी. कामाची सुरुवात नेहमी माथ्यापासून व्हावी. पायथ्याला आधी बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

शासनाच्या योजनांचाही डोळसपणे उपयोग करावा. दादासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. जमीन दाखवली जाईल तेव्हा कागदावर सही करण्याआधी कुदळ घेऊन जावे, दोन-तीन ठिकाणी खणून माती किती खोल आहे ते पाहावे आणि उताराकडे लक्ष द्यावे. मुरूम हातभरावर लागत असेल तर तसे लेखी कळवावे. आपल्याच शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून विहिरीला साहाय्य मिळते. ते जरूर घ्यावे. पण विहीर खणली म्हणजे नवे पाणी जन्माला येत नाही. वरच्या उतारावर पाणी मुरवण्याचे काम झाले नसेल तर नवी विहीर शेजाऱ्याच्या विहिरीतूनच पिते.

शहरात राहणाऱ्या वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे की गावाकडचा तो मुरमाड तुकडा फुकटात कोणाच्या हवाली करू नका. सुटीत जाल तेव्हा बांधावर चार झाडे लावा, फुटलेला बांध भावाबरोबर दोन दिवस राबून नीट करा आणि मुलांना आडाच्या दोराला गाठ मारायला शिकवा. पहिली गाठ या दिवाळीनंतरच बांधता येईल.